एकमेकांची ओझी : छोट्या व्यवसायांच्या सामुदायिक आरोग्य-विम्याची पूर्वपीठिका

घणसोली, गोठिवली, राबाडे या शेजारगावांच्या पंगतीत बसलेले तळवली हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासळी यांवर या पट्ट्यातील संसार पिढ्यान्‌पिढ्या चालले. १९६० नंतरच्या दशकात ठाणे खाडीच्या या तीरावर औद्योगिक वसाहत आली, १९७० साली सिडकोची स्थापना झाली, आणि पाहता पाहता शेते व खाजणे नकाशावरील सेक्टर होऊन गेली. मोठमोठ्या कारखान्यांच्या पाठोपाठ त्यांना लागणारे सुटे भाग घडविणारी लेथची दुकाने आली. गॅरेजे, छापखाने, बेकऱ्या, पॅकिंगचे गाळे, वाहतूकदारांच्या कचेऱ्या आल्या. त्यांतील कित्येक ठिकाणी कामगार मोजायला दोन्ही हातांची बोटेही लागत नाहीत.

अशा गाळ्यात एखादा कारागीर अंथरुणाला खिळला म्हणजे काय होते, हे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना सांगावे लागत नाही. मालक निर्दय असतो असे नाही. पुष्कळदा तोही कालपर्यंत दुसऱ्याच्या गाळ्यात हात काळे करीत होता. पहिल्या आठवड्याचा पगार तो देतो, उचलही देतो. परंतु रुग्णालयाचे देयक लाखाच्या घरात गेले की त्याचे हात टेकतात. मग मंगळसूत्र गहाण पडते, मुलीचे शिक्षण थांबते, गावाकडची जमीन विकली जाते. आणि मालक स्वतःच आजारी पडला तर गाळ्याला कुलूप लागून पाच-सहा घरांतील चुली एकदम मंदावतात.

यावर उपाय म्हणून अलीकडे असे सुचविले जाते की, छोट्या व्यावसायिकांनी आपापल्या संघटनांमार्फत एकत्र येऊन सर्वांचा मिळून एक आरोग्य-विमा उतरवावा. हा विचार ऐकणाऱ्याला नवा वाटतो. वस्तुतः तो फार जुना आहे, आणि त्याच्या इतिहासातील काही उत्तम पाने तळवलीपासून हाकेच्या अंतरावर लिहिली गेली आहेत. हा इतिहास एकदा नीट पाहिला, तर आज काय करावे आणि कोठे सावध राहावे हे दोन्ही कळू शकेल.

एकट्याचा विमा आणि समूहाचा विमा

प्रथम मूळ तत्त्व समजून घेऊ. पाच माणसांपैकी यंदा कोण आजारी पडेल हे कोणालाच सांगता येत नाही. कदाचित कोणीही पडणार नाही, कदाचित तिघे पडतील. परंतु पाच हजार माणसांत साधारण किती जण रुग्णालयात दाखल होतील, याचा अंदाज बराच बरोबर बांधता येतो. समूह जितका मोठा, तितकी अनिश्चितता कमी, आणि म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला येणारा हप्ताही बेताचा.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. विमा ऐच्छिक असला म्हणजे ज्याला आपल्या छातीत कळ येते हे ठाऊक आहे तो धावत येतो, आणि धडधाकट तरुण म्हणतो, 'मला काय धाड भरली आहे?' अशा रीतीने आजारीच तेवढे गोळा झाले की हप्ता वाढतो. हप्ता वाढला की उरलेसुरले निरोगीही निघून जातात, आणि पेटी रिकामी होते. म्हणून विमा देणारा नेहमी विचारतो, 'तुम्ही एकत्र कशासाठी आलात?' जो समूह अन्य कारणाने, म्हणजे एक धंदा, एक गाव वा एक बाजारपेठ म्हणून, आधीच एकत्र नांदत असतो, त्यात आजारी आणि निरोगी यांचे प्रमाण स्वाभाविक असते. तोच समूह विश्वासाला पात्र ठरतो. पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली या एका प्रश्नात आहे.

खाणकामगारांची पेटी आणि वसईचा मिझेरिकॉर्डिया

जर्मनीतील गोस्लार नगराजवळ रामेल्सबर्ग नावाचा खाणींचा डोंगर आहे. तेथील खाणकामगारांनी आजारी व पंगू झालेल्या बांधवांसाठी चालविलेल्या भ्रातृसंघाचा उल्लेख हिल्डेसहाइमच्या बिशपांच्या १२६० सालच्या एका लेखात सापडतो. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते की, आज शेजाऱ्यावर कोसळलेला दगड उद्या आपल्यावर कोसळू शकतो. म्हणून धडधाकट असताना पेटीत नाणे टाकायचे आणि संकटात त्या पेटीतून घ्यायचे, असा रिवाज पडला. मध्ययुगातील सुतार, विणकर, चर्मकार यांच्या व्यवसायसंघांतही हीच रीत होती. संघाला आश्रयदाता संत असे, सणाची मिरवणूक असे, आणि त्याच संघातून आजाऱ्याला पैसा, मृताला मूठमाती व विधवेला आधार मिळे.

ही परंपरा पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. १४९८ साली राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने लिस्बन येथे 'सांता काझा द मिझेरिकॉर्डिया', म्हणजे दयेचे पवित्र घर, या भ्रातृसंघाची स्थापना झाली. पुढे गोव्यात आणि आपल्या वसईच्या किल्ल्यातही त्याच्या शाखा निघाल्या. रुग्णसेवा, कैद्यांची विचारपूस, निराधारांचे दफन ही त्यांची कामे होती. मात्र येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. मिझेरिकॉर्डिया हे दानधर्माचे घर होते. त्यात देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा. गोस्लारच्या पेटीत देणारा आणि घेणारा एकच होता. दानाला कृतज्ञता लागते, पेटीला हक्क लागतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि किल्ल्यातील या साऱ्या संस्था ओस पडल्या. पेटीची रीत मात्र लोकांत अन्य रूपांनी टिकून राहिली.

मुंबईत धोबीतलाव परिसरात गोवेकरांनी उभारलेल्या 'कूड' नावाच्या वास्तू हे तिचे सुंदर उदाहरण होय. नोकरीसाठी किंवा बोटीवर चढण्यासाठी मुंबईत आलेल्या आचारी, वाजंत्री व खलाशी बांधवांनी गावागावाच्या नावाने हे निवास चालविले. थोडक्या वर्गणीत पथारीपुरती जागा, संध्याकाळी वेदीपुढे रोझरीची प्रार्थना, आणि परमुलखात दुखण्याखुपण्यात व मृत्यूच्या वेळी गाववाल्यांचा आधार, असे त्यांचे स्वरूप होते. वसईच्या आपल्या समाजानेही १९१८ साली मोन्सिनियर मोनीस यांच्या नेतृत्वाखाली कॅथलिक पतसंस्था काढली, तिचीच पुढे बॅसीन कॅथलिक बँक झाली. विषय विम्याचा नसला तरी तत्त्व तेच होते : एकट्याची पत नसते, समूहाची असते.

गिरणगावाची मागणी आणि कायद्याची वाट

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा भरवून सरकारपुढे मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी मिळावी ही त्यांतील मागणी सर्वांना ठाऊक आहे, आणि १८९० साली ती मान्यही झाली. परंतु त्याच निवेदनात आणखी एक कलम होते. कामावर जबर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, असे त्यात म्हटले होते. आजारपण आणि अपघात हे केवळ दैव नसून त्यांचा भार वाटून घेता येतो, ही जाणीव मराठी कामगाराने इतक्या आधी उच्चारली होती. अपघाताच्या भरपाईचा कायदा मात्र १९२३ साली झाला.

त्याच सुमारास जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्क यांनी १८८३ साली आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. त्यांनी नवे खाते उघडण्याऐवजी कामगारांच्या जुन्या पेट्यांनाच कायद्याचा आधार दिला, वर्गणी सक्तीची केली आणि दोन भाग कामगाराने व एक भाग मालकाने भरावा असे ठरविले. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. आजारपण, अकस्मात आपत्ती आणि मृत्यू अशा प्रसंगी कामगार व त्याच्या कुटुंबाला सांभाळणाऱ्या परस्परसाहाय्याच्या संस्थांचा त्यात गौरवाने उल्लेख आहे आणि माणसाचा संघ स्थापण्याचा हक्क नैसर्गिक मानला आहे.

आपल्या देशात या वाटेवरचे मोठे पाऊल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पडले. १९४३ साली प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य-विम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले आणि १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. या अहवालाच्या पायावर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. कामगार व मालक दोघेही पगाराच्या प्रमाणात वर्गणी भरतात आणि कामगाराच्या कुटुंबाला उपचार मिळतात. वाशी येथील विमा रुग्णालय याच योजनेचे. २०१९ च्या जुलैपासून मालकाची वर्गणी सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का करण्यात आली.

परंतु या कायद्याला प्रारंभापासून एक उंबरठा होता. ठराविक संख्येहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होई. पुढे ही संख्या दहापर्यंत खाली आली. पण ज्याच्याकडे सहाच माणसे आहेत तो उंबरठ्याबाहेरच राहिला. आणि ज्याला एक मालकच नाही, त्याचे काय?

माथाडींनी काढलेली वाट

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शोधले त्यांची वस्ती तळवलीच्या शेजारीच, घणसोली आणि कोपरखैरण्यात आहे. सातारा, सांगली, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून मुंबईच्या बाजारपेठांत आलेले हमाल डोक्यावर व पाठीवर गोणी वाहत. माथ्यावर ओझे वाहतो म्हणून तो माथाडी. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक रिकामा करायचा, दुपारी दुसऱ्याच्या वखारीत थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याचा माल चढवायचा. मालक अनेक, आणि म्हणून जबाबदार कोणीच नाही. मुकादमाच्या हाती मजुरी येई आणि तिच्यातून कापली जाऊन टोळीत वाटली जाई. पाठ मोडली की माणूस गावी परते, आणि त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ येई.

पाटण तालुक्यातून आलेले अण्णासाहेब पाटील या हमालांपैकीच एक. त्यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या संघर्षातून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. या कायद्याची कल्पकता अशी की, एक मालक नसेल तर सर्व मालकांचे मिळून एक मंडळ असावे. किराणा, कापड, लोखंड, भाजीपाला अशा बाजारांसाठी वेगवेगळी मंडळे स्थापन झाली. मंडळात व्यापारी, कामगार आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी असतात. व्यापाऱ्याने नोंदणी करायची, टोळीची मजुरी थेट हमालाच्या हाती न देता मंडळात भरायची, आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा आणि औषधोपचार यांची सोय होते. व्यापारी लहान असो वा मोठा, त्याने उचलायला लावलेल्या गोणीच्या प्रमाणात तो भार उचलतो. बाजारपेठा नवी मुंबईत हलल्या तसा माथाडीही आला, आणि कोपरखैरणे येथे माथाडींच्या ट्रस्टचे रुग्णालय उभे राहिले.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. लेव्हीचा भार जड होतो, अशी छोट्या व्यापाऱ्यांची कुरकुर आहे. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणाऱ्यांविषयी उद्योजकांच्या तक्रारी आहेत. नोंदणीबाहेर राहिलेल्या श्रमिकांची संख्याही थोडी नाही. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली. अनेक छोटे मालक आणि विखुरलेले कामगार एका पेटीत आणता येतात, मात्र त्यासाठी हिशेबाची एक जागा आणि तिघांचा पहारा लागतो.

ज्वारीचा हप्ता

विदर्भातील सेवाग्रामचा प्रयोग याहून साधा आणि तितकाच बोधप्रद आहे. तेथील कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या खेड्यांसाठी आरोग्य-विमा सुरू केला. हप्ता नाण्यांत नव्हता, ज्वारीत होता. सुगीच्या वेळी, म्हणजे घरात धान्य असतानाच, तो गोळा होई. ज्याची जमीन अधिक त्याने अधिक ज्वारी द्यायची, भूमिहीनाने ठराविक थोडी. आणि मुख्य अट अशी की, गावातील बहुसंख्य कुटुंबे सहभागी होत असतील तरच ते गाव योजनेत यायचे. केवळ आजाऱ्यांनी नावे नोंदवावीत, हे त्यामुळे टळले. अकस्मात आलेल्या आजारासाठी रुग्णालयात मोफत उपचार, आणि बाळंतपणासारख्या आधी ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी काही सवलत, असा विवेकही तेथे होता. समूहविम्याची सारी तत्त्वे अशा रीतीने एका ज्वारीच्या कोठारात सामावली होती.

गुजरातेत इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेला हेच सत्य दुसऱ्या बाजूने उमगले. १९७४ साली फेरीवाल्या, विड्या वळणाऱ्या व शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी बँक काढली. कर्ज का थकते याचा शोध घेता घेता आजारपण हे मोठे कारण पुढे आले, आणि १९९२ साली संघटनेने सभासद स्त्रियांसाठी विमा योजना सुरू केली. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ साली गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचे 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले. चार-सहा डब्यांवर संसार चालविणाऱ्या या स्त्रिया म्हणजे खऱ्या अर्थाने छोट्या उद्योजिका. त्याच परिवारातून पुढे पुण्यात सभासदांनीच चालविलेला परस्पर आरोग्यनिधी उभा राहिला. येथे नफा घेणारा तिसरा कोणी नसतो. कोणाचा दावा मान्य करायचा हे सभासद भगिनीच बसून ठरवितात.

पॉलिसीचे युग

१९७३ साली भारतातील सामान्य विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण अमलात आले, आणि १९८६ साली सरकारी कंपन्यांनी 'मेडिक्लेम' पॉलिसी बाजारात आणली. नोकरदार मध्यमवर्गाला रुग्णालयाच्या खर्चाचा विमा प्रथमच सहज उपलब्ध झाला. पाठोपाठ समूहांसाठी पॉलिसी आली. १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. तेव्हापासून व्यापारी मंडळे, उद्योजक संघटना, पतपेढ्या आणि व्यावसायिकांचे संघ आपल्या सभासदांसाठी एकत्रित पॉलिसी घेऊ लागले.

या पद्धतीचे लाभ खरे आहेत. प्रत्येक छोट्या गाळ्याने स्वतंत्रपणे विमा मागितला तर त्याला भाव मिळत नाही. संघटनेने शेकडो सभासदांच्या वतीने मागितला तर कंपनीला अटी सैल कराव्या लागतात. पुष्कळ समूह-पॉलिसींत जुना आजार पहिल्या दिवसापासून ग्राह्य धरला जातो आणि प्रतीक्षाकाल माफ होतो. मधुमेही कारागिराला एकट्याने हे मिळणे कठीण.

परंतु जेथे मध आहे तेथे माश्या येणारच. केवळ विमा विकण्यासाठी कागदावर संघटना उभारायच्या, सभासदांकडून हप्त्यापेक्षा अधिक रक्कम घ्यायची आणि फरक खिशात घालायचा, असे प्रकार होऊ लागले. म्हणून विमा नियामक प्राधिकरणाने २००५ साली समूह-विम्यासाठी मार्गदर्शक नियम घातले. केवळ विमा मिळविण्याच्या हेतूने जमवलेला समूह हा समूह मानला जाणार नाही, आणि सभासदांकडून प्रत्यक्ष हप्त्यापेक्षा जास्त रक्कम घेता येणार नाही, असे त्यात स्पष्ट केले. 'तुम्ही एकत्र कशासाठी आलात?' हा गोस्लारच्या खाणीइतका जुना प्रश्न अशा रीतीने सरकारी नियमात उतरला.

अलीकडे आणखी काही दारे उघडली आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत नेण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ साली घेतला. ठरविलेले उपचार, ठरविलेली रुग्णालये ही तिची मर्यादा, पण गरिबाला ती मोठा आधार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या व्यवसायातील मालक व बहुसंख्य कामगार यांची संमती असल्यास त्यांना राज्य विमा योजनेत स्वेच्छेने सामील होण्याची तरतूद तिच्यात आहे. ज्या उंबरठ्याबाहेर सहा माणसांचा गाळा इतकी वर्षे उभा होता, तो उंबरठा आता संमतीने ओलांडता येतो. पगाराची मर्यादा पाळून ज्यांना हे शक्य आहे त्यांनी त्याचा विचार आधी करावा. ज्यांना शक्य नाही त्यांनी संघटनेकडे वळावे.

इतिहासाचे सांगणे

या साऱ्या प्रवासातून चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, संघटना विम्याच्या आधीपासूनची आणि विम्याखेरीज अन्य कामांत जिवंत असलेली हवी. दुसरी, ज्याला गरज भासते त्यानेच नव्हे, तर सर्वांनी एकदम सामील झाले पाहिजे. सेवाग्रामच्या खेड्याचा नियम आपल्या गाळ्यांच्या वसाहतीलाही लागू आहे. तिसरी, हिशेब उघडा हवा. पॉलिसीची प्रत, हप्त्याची पावती आणि दाव्यांची यादी सभासदाला पाहता आली पाहिजे. चौथी, संघटनेचे छत्र हे सभासद असेपर्यंतचे छत्र असते. नोकरी सुटली, गाळा बंद झाला किंवा संघटनेने पुढच्या वर्षी पॉलिसी घेतली नाही, तर ते मिटते. म्हणून ज्याला झेपेल त्याने कुटुंबाची लहानशी स्वतंत्र पॉलिसीही तरुणपणीच सुरू करावी, आणि समूहातून बाहेर पडताना त्याच कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसी मागता येते का, हे विचारून ठेवावे.

आणखी एक गोष्ट हिशेबाच्या वहीत मावत नाही. पेटीत वर्षानुवर्षे पैसे टाकूनही ज्याला एकदाही रुग्णालयाची पायरी चढावी लागत नाही, तो म्हणतो, 'माझे पैसे फुकट गेले.' गोस्लारच्या खाणकामगाराला असे वाटले नसते. त्याचे नाणे त्याच्या शेजाऱ्याच्या मोडलेल्या पायाला बांधलेल्या फळीत होते, त्याच्या मुलांच्या भाकरीत होते. संत पौलाने गलतीकरांना एकमेकांची ओझी वाहण्यास सांगितले, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे विमा नव्हता. परंतु ज्याच्या माथ्यावर गोणी आहे त्याला या शब्दांचा अर्थ कोणी फोड करून सांगावा लागत नाही.

आपल्या धर्मग्रामांत गाळा चालविणारे आहेत, बेकरी चालविणाऱ्या भगिनी आहेत, केटरिंग करणारे, टेम्पो हाकणारे आहेत. त्यांतील बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या व्यावसायिक संघाचे सभासद असतातच, फक्त वार्षिक सभेला जात नाहीत. यंदा जावे. विषयपत्रिकेवर आरोग्य-विम्याचा विषय नसेल तर तो मांडावा, आणि मांडताना आपल्या गाळ्यातील सर्वांत तरुण व सर्वांत धडधाकट कामगाराचे नाव यादीत पहिले घालावे.